पदवीदानाचा शनिवार, मुक्काम चाळीस मैलांवर

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जवळजवळ मध्यावर, डोंगररांगांमधल्या एका लांबट खोऱ्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती ४०,५०० च्या आसपास भरली. गावाला लागूनच पेन स्टेट विद्यापीठाचं बीव्हर स्टेडियम आहे आणि त्याची क्षमता आहे १,०६,००० हून अधिक. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळातले सहा-सात शनिवार हे स्टेडियम अमेरिकन फुटबॉलसाठी काठोकाठ भरतं. म्हणजे गावाच्या अडीचपट माणसं एका दिवसात येतात, आणि त्यातल्या पुष्कळांना रात्री पाठ टेकायला जागा हवी असते.

एरवी मंगळवारी-बुधवारी सव्वाशे-दीडशे डॉलरला मिळणारी साधी खोली अशा शुक्रवारी-शनिवारी चारशे-पाचशेच्या घरात जाते. वर एकच रात्र मिळत नाही, दोन रात्रींचे पैसे मोजावे लागतात. खोली तीच, गादी तीच, सकाळचा नाश्ताही तोच. मुलगा किंवा मुलगी तिथे शिकते म्हणून पुण्याहून, नाशिकहून किंवा कोल्हापुरातून येणारे आईवडील हा आकडा रुपयांत करून पाहतात आणि हबकतात. ते साहजिक आहे. पण हा दर कुणी लहरीपणाने लावलेला नसतो. त्यामागचं गणित समजलं तर त्याच शनिवारी, त्याच समारंभाला जाऊन निम्म्या खर्चात राहता येतं.

गणित असं. गावातली हॉटेलं वर्षभराच्या सरासरी गर्दीसाठी बांधलेली असतात. फुटबॉलचे सहा-सात शनिवार, मे महिन्यातलं पदवीदान, ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी वसतिगृहात सामान लावायला येतात तो आठवडा, शरद ऋतूतला पालकांचा शनिवार-रविवार, जुलैतला कलामहोत्सव, फेब्रुवारीत विद्यार्थ्यांचा ४६ तासांचा ‘थॉन’ हा नृत्यसोहळा, असे मोजके दिवस सोडले तर उरलेलं वर्ष शांत असतं. पंधरा-वीस रात्रींसाठी कुणी नवं हॉटेल बांधत नाही. आषाढीला पंढरपुरात घरोघरी वारकरी उतरतात, एरवी त्याच खोल्या रिकाम्या असतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे प्रत्येक खोलीचा दर संगणक ठरवतो आणि मागणी वाढली की तो तासातासाने बदलतो.

ही पद्धत हॉटेलांनी विमान कंपन्यांकडून उचलली. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. त्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सने एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दराने विकण्याचं तंत्र पक्कं केलं आणि पुढे मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी ते खोल्यांना लावलं. या तंत्राचा एक सोपा नियम प्रवाशाच्या कामाचा आहे: दर वाढतो तो ठरावीक रात्रींना आणि ठरावीक अंतरापर्यंत. तारीख एका रात्रीने सरकली किंवा अंतर तीस-चाळीस मैलांनी वाढलं की दराचा जोर ओसरतो.

स्टेट कॉलेजच्या भोवतीचा नकाशा त्यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. सगळ्यात जवळ बेलफाँट, गाडीने वीसेक मिनिटं. १७९५ मध्ये वसवलेलं हे गाव व्हिक्टोरियन काळातल्या घरांसाठी ओळखलं जातं. गावाच्या मधोमध टॅलिरँड पार्क आहे, त्याला लागून स्प्रिंग क्रीक वाहते आणि तिच्या नितळ पाण्यात ट्राउट मासे काठावरूनही दिसतात. मात्र बेलफाँट जवळ असल्यामुळे सामन्याच्या शनिवारी तिथलेही दर चढतात. पुढच्या वर्तुळात आग्नेयेला लुइसटाउन येतं, सुमारे तीस मैलांवर, महामार्ग ३२२ वरचा डोंगराळ टप्पा ओलांडला की. नैर्ऋत्येला अल्टूना, चाळीस-पंचेचाळीस मैलांवर. उत्तरेकडे आंतरराज्य महामार्ग ८० च्या फाट्यांवरची मोटेलं आणि लॉक हेवन, क्लिअरफील्ड ही गावं. या दुसऱ्या वर्तुळात खोलीचा दर गावातल्या दराच्या निम्म्यावर येणं नेहमीचं आहे.

त्यातलं अल्टूना फक्त झोपण्यासाठी वापरलं तर ते वाया घालवल्यासारखं होईल. हे शहर पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १८४९ मध्ये वसवलं. शहराबाहेर थोड्याच अंतरावर घोड्याच्या नालेच्या आकाराचं रेल्वेवळण आहे, १८५४ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे खंडाळ्याच्या घाटातून गाडी धावली त्याच्या नऊ वर्षं आधीचं. डोंगर चढण्यासाठी रूळ पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच समोर येतात. आजही लांबच लांब मालगाड्या त्यावरून जातात आणि वळणाच्या आत बसून त्यांची दोन्ही टोकं एकदम पाहता येतात. शनिवारी सामना किंवा समारंभ, रविवारी सकाळी हे वळण, असा बेत आखला की अल्टूनातला मुक्काम नाइलाजाचा वाटत नाही. अ‍ॅमट्रॅकची न्यूयॉर्क-पिट्सबर्ग मार्गावरची पेनसिल्व्हेनियन गाडी अल्टूना आणि लुइसटाउन दोन्हीकडे थांबते. स्टेट कॉलेजला मात्र प्रवासी रेल्वे नाही, त्यामुळे पुढचा प्रवास गाडीचाच.

इथे एक काळजी घ्यायला हवी. कॉलेज फुटबॉलच्या तारखा खूप आधी जाहीर होतात, पण बऱ्याच सामन्यांची वेळ दूरचित्रवाणी कंपन्या जेमतेम सहा ते बारा दिवस आधी ठरवतात. सामना दुपारी बाराला असेल तर अंधार पडायच्या आत अल्टूना गाठता येतं. संध्याकाळी साडेसातला असेल तर स्टेडियमबाहेर पडेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात, त्यानंतर गाड्यांची रांग, आणि मग डोंगरातला रस्ता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियात हरणं रस्त्यावर येण्याचं प्रमाण मोठं असतं. रात्री उशिरा अनोळखी रस्त्यावर, तेही उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नसलेल्या माणसाने चाळीस मैल जाणं हा पैसे वाचवण्याचा चांगला मार्ग नाही. अशा रात्री बेलफाँटचे जास्तीचे पैसे द्यावेत. आणि मुक्काम कुठेही असो, पोहोचायला उशीर होणार असेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला फोन करून तसं कळवावं; पाहुणा येत नाही असं समजून खोली दुसऱ्याला देऊन टाकण्याची शक्यता गर्दीच्या रात्रीच सगळ्यात जास्त असते.

मराठी घरांचा संबंध फुटबॉलपेक्षा पदवीदानाशी जास्त येतो. ही ओढ जुनी आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या होत्या. आज त्याच कारणासाठी निघालेल्या आईवडिलांपुढे समुद्र हा प्रश्न नाही. प्रश्न व्हिसाच्या तारखेचा आणि खोलीचा आहे, आणि हे दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. व्हिसा मिळेपर्यंत खोली घ्यायची नाही असं ठरवलं तर खोली हातची जाते. आधी घेतली आणि व्हिसा आला नाही तर पैसे बुडण्याची भीती.

यातून निघण्याचा रस्ता एकच: रद्द करता येईल अशी खोली, आणि तीही लवकर. बहुतेक विद्यापीठं पदवीदानाच्या तारखा काही वर्षं आधीच आपल्या दिनदर्शिकेत देतात. मोठ्या साखळ्यांची हॉटेलं साधारण वर्षभर आधीचं आरक्षण घेतात. म्हणजे मुलीने शेवटच्या वर्षात पाऊल ठेवलं त्याच उन्हाळ्यात तिने आईवडिलांसाठी खोली धरून ठेवावी. मात्र ‘रद्द करता येईल’ हे शब्द वाचून थांबू नये. रोजच्या दिवशी ही मुदत आदल्या दिवसापर्यंत असते, पण अशा शनिवार-रविवारसाठी तीच सात, चौदा किंवा तीस दिवसांवर नेलेली असते, काही ठिकाणी पूर्ण रक्कम आधी भरावी लागते आणि परत मिळत नाही. आरक्षणाच्या पावतीवर ती तारीख बारीक अक्षरात असते. ती घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी.

हीच मुदत उशिरा जागे झालेल्यांच्याही उपयोगी पडते. पुष्कळ कुटुंबं दोन-दोन हॉटेलांत खोल्या धरतात आणि मुदत संपायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत एक सोडतात. लग्नांसाठी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांसाठी राखून ठेवलेल्या खोल्यांतल्या न भरलेल्या खोल्याही साधारण महिनाभर आधी मोकळ्या होतात. त्या दिवसांत रोज सकाळी पाहत राहिलं, किंवा सरळ हॉटेलला फोन लावला, तर ‘सगळं भरलं’ असं सांगणाऱ्या गावातही खोली निघते.

फोनवरून आठवण झाली. महामार्गांच्या फाट्यावर जी साधी मोटेलं दिसतात, त्यातली पुष्कळशी भारतीयांच्या, विशेषतः गुजराती कुटुंबांच्या मालकीची आहेत. आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची ‘आहोआ’ ही संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली आणि अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं आपल्या सभासदांच्या मालकीची आहेत असं ती सांगते. मालक आपल्याकडचा आहे म्हणून दर कमी होईल अशी अपेक्षा करणं बरोबर नाही, तोही धंदाच आहे. पण अशा ठिकाणी मालक किंवा त्यांच्या घरचं कुणी फोनवर भेटतं आणि तळमजल्यावरची खोली द्याल का, आईचे गुडघे दुखतात, सकाळी लवकर निघायचं आहे, अशा गोष्टी सांगता येतात. साखळी हॉटेलच्या दूरच्या कॉल सेंटरला हे जमत नाही.

स्टेट कॉलेजहून उत्तरेला तीनेक तास गाडी हाकली की न्यूयॉर्क राज्यातलं इथाका येतं. कायूगा सरोवराच्या दक्षिण टोकाला, दऱ्या आणि धबधब्यांमध्ये वसलेलं हे ३२,००० वस्तीचं गाव कॉर्नेल विद्यापीठाचं. मराठी वाचकाला त्याची एक ओळख ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्यामुळे आहे. ते कॉर्नेलमध्ये शिकले, तिथेच त्यांनी पीएचडी मिळवली आणि भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये इथाकातच छापलं गेलं. कॉर्नेलमध्ये १९२२ पासून हॉटेल व्यवस्थापन शिकवलं जातं. खोल्यांचे दर मागणीनुसार कसे बदलावेत याचं शास्त्र ज्यांनी विद्यापीठात उभं केलं, त्या शेरिल काइम्स इथल्याच प्राध्यापक होत्या. विद्यापीठाच्या आवारातलं स्टॅटलर हॉटेल म्हणजे हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळाच. खोल्या जेमतेम दीडशे, त्यामुळे पदवीदानाला तिथे जागा मिळणं फार अवघड.

कॉर्नेलचं पदवीदान बहुधा मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून येतं. विद्यार्थ्यांचे पाहुणे आणि फिंगर लेक्स भागात फिरायला निघालेले लोक एकाच दिवशी त्याच रस्त्यावर येतात. त्याच गावात टेकडीवर इथाका कॉलेज ही दुसरी संस्था आहे आणि तिचंही पदवीदान मेमध्येच असतं. इथाकाला येणाऱ्याने तारखा ठरवताना दोन्ही संस्थांची दिनदर्शिका पाहायला हवी, नाहीतर शांत समजून निवडलेला शनिवार शेजाऱ्यांच्या समारंभाचा निघतो.

इथाकाभोवतीचं दुसरं वर्तुळ स्टेट कॉलेजपेक्षाही सुखाचं आहे. ईशान्येला वीस-बावीस मैलांवर कोर्टलंड, दक्षिणेला पन्नास मैलांच्या आत एल्मायरा, कॉर्निंग, आणि आग्नेयेला बिंगहॅम्टन. एल्मायरा हे मार्क ट्वेनच्या सासरचं गाव. तिथल्या क्वारी फार्मवर उन्हाळे घालवताना त्याने ‘हकलबरी फिन’चा बराच भाग लिहिला, त्याची अष्टकोनी अभ्यासिका आता एल्मायरा कॉलेजच्या आवारात आहे आणि त्याची समाधीही याच शहरात आहे. कॉर्निंगचं काच संग्रहालय अर्धा दिवस सहज घेतं. तापलेल्या काचेला समोर आकार देताना पाहायला मुलांइतकीच आजी-आजोबांनाही गंमत वाटते. या गावांतली हॉटेलं बरीचशी कामकाजाच्या पाहुण्यांवर चालतात, म्हणून सुट्टीच्या दिवसांत तिथे खोली मिळण्याची शक्यता इथाकापेक्षा कितीतरी जास्त.

शनिवारचा समारंभ आटोपला की रविवारी दुपारपर्यंत गाव रिकामं होऊ लागतं. म्हणून शुक्रवार-शनिवार कोर्टलंड किंवा एल्मायरात काढून रविवारची रात्र इथाकात घेतली तर दर खूपच उतरलेला दिसतो, तेही दोन रात्रींच्या अटीशिवाय. मग टॉगॅनॉक धबधब्यापाशी निवांत जाता येतं. तो २१५ फूट उंच आहे, नायगराहूनही उंच, आणि पायथ्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट असल्यामुळे वयस्कर माणसांनाही झेपते.

खर्च मोजताना खोलीचा दर हा एकच आकडा धरून चालत नाही. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला आहे. त्यानुसार हॉटेलांना आपली सक्तीची जादा शुल्कं धरूनच दर दाखवावा लागतो. पण सरकारी कर त्यात धरणं बंधनकारक नाही, तो शेवटच्या टप्प्यावर चढतो आणि बऱ्याच ठिकाणी दहा टक्क्यांहून जास्त असतो. दुसरीकडे, अमेरिकेत दर माणशी नसतो, खोलीमागे असतो. दोन मोठ्या पलंगांच्या खोलीत चौघं राहू शकतात. दोन मित्रांच्या आईवडिलांनी मिळून एक खोली घेणं परक्या लोकांत सहसा होत नाही, पण एकाच गावच्या कुटुंबांत ते आनंदाने होतं. स्वयंपाकाची ओटा-शेगडी असलेली, लांब मुक्कामासाठीची हॉटेलंही पाहावीत. तिथे फ्रिज आणि भांडी असतात, सकाळी पोहे आणि रात्री खिचडी करता येते, आणि चौघांच्या बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचला की थोडा महाग वाटलेला दर भरून निघतो. खोलीत शिरताना कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलं तर ती सुटायला वेळ लागतो, म्हणून क्रेडिट कार्ड जवळ हवं.

पश्चिमेला इंडियाना राज्यात साउथ बेंड आहे, नोत्र दाम विद्यापीठाचं शहर. वस्ती लाखाच्या थोडी वर, स्टेडियममध्ये ७७,००० हून जास्त जागा. गर्दीच्या दिवसांत घरं भाड्याने देण्याचा व्यवसाय इथे इतका रुजला की ‘रेंट लाइक अ चॅम्पियन’ ही सामन्यांसाठी घरं मिळवून देणारी कंपनी इथेच उभी राहिली आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘शार्क टँक’ कार्यक्रमात तिला गुंतवणूकही मिळाली. दोन-तीन कुटुंबं एकत्र येणार असतील तर आख्खं घर दरडोई स्वस्त पडतं. दोघांसाठी मात्र ते परवडत नाही. साफसफाईचं शुल्कच खोलीच्या एका रात्रीएवढं होतं.

साउथ बेंडचं खरं भाग्य म्हणजे रेल्वे. शिकागोच्या मध्यवस्तीतून निघणारी साउथ शोअर लाइन थेट साउथ बेंड विमानतळापर्यंत येते. २०२४ मध्ये या मार्गाचा मोठा भाग दुहेरी झाला आणि प्रवासाचा वेळ कमी झाला. मार्गावरचं मिशिगन सिटी किंवा चेस्टर्टन इथे राहून समारंभाला येता येतं, शेजारी मिशिगन सरोवराच्या काठचे वाळूचे डोंगर आहेत, २०१९ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेले. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये: मिशिगन सिटी आणि शिकागो मध्य प्रमाणवेळेवर चालतात, साउथ बेंड पूर्व प्रमाणवेळेवर. नऊचा समारंभ म्हणजे मिशिगन सिटीच्या घड्याळात आठ. हा तास हिशेबात न धरल्यामुळे लेकीचं नाव पुकारलं जाताना आईवडील गाडीतच असणं, याहून वाईट बचत नाही.

याच शहरात २० डिसेंबर २०२४ रोजी नोत्र दाम आणि इंडियाना यांच्यात राष्ट्रीय बाद फेरीचा सामना झाला. त्या हंगामापासून पहिली फेरी प्रथमच विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर खेळवली गेली आणि जोड्या जाहीर झाल्या ८ डिसेंबरला. साउथ बेंडच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेट कॉलेजमध्येही तसाच सामना होता. ज्या डिसेंबरात ही गावं रिकामी असायची तिथे बारा दिवसांत खोल्या संपल्या. आता या गावांचा प्रवास आखताना डिसेंबरचा तिसरा आठवडा निर्धास्त धरता येत नाही.

इलिनॉयमधल्या अर्बाना-शँपेनची वाट वेगळी. भारतीय विद्यार्थ्यांची इथे मोठी संख्या आहे, आणि विद्यार्थ्यांच्या मुख्य इमारतीत, इलायनाय युनियनमध्येच, पाहुण्यांसाठी हॉटेलच्या खोल्या आहेत. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठातही तशीच सोय आहे. आवारातच उतरल्यामुळे गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही, शिवाय शिकागोहून शँपेनला अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या आहेत. या खोल्या आधी कुणाला आणि कधी मिळतात याचे प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, काही ठिकाणी पदवीदानाच्या खोल्यांसाठी सोडतही काढतात. ते विचारण्याचं काम विद्यार्थ्यानेच करावं.

आणि ज्यांचा अभ्यासक्रम डिसेंबरात संपतो त्यांनी मेची वाट न पाहता डिसेंबरच्याच समारंभाचा विचार करावा. अनेक विद्यापीठं हिवाळ्यातही पदवीदान करतात. पाहुणे कमी असतात, आणि बाद फेरीचा सामना आड आला नाही तर गावातच, चालत जाण्याच्या अंतरावर, रोजच्या दरात खोली मिळते. तेवढ्यासाठी जाड कोट, बर्फात न घसरणारे बूट, आणि वादळामुळे विमान रखडलं तर हाताशी राहील असा एक जास्तीचा दिवस सोबत ठेवावा लागतो.